जनुकाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला : −३५, −१० आणि +१ यांचा अर्थ

प्रश्न (अमळनेर) :
मी जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रोमोटरच्या (जनुकाचे वाचन सुरू करून देणाऱ्या डीएनएच्या भागाच्या) आकृतीत −३५, −१०, +१ हे आकडे आणि ‘अपस्ट्रीम’ (वरच्या अंगाला), ‘डाउनस्ट्रीम’ (खालच्या अंगाला) हे शब्द येतात. ‘अपस्ट्रीम’ म्हणजे ‘डावीकडे’ असे लिहिले तर चालेल का? शिवाय बीटा-ग्लोबिन जनुकातील एकच बदल कुठे −२८, तर कुठे −७८ असा दिलेला आढळतो. त्यांतला बरोबर कोणता?

उत्तर (भुसावळ) :
ताई, ‘डावीकडे’ असे लिहू नये. पाठ्यपुस्तकात सांकेतिक धागा (डीएनएच्या दोन धाग्यांपैकी आरएनएसारखाच क्रम असलेला) त्याच्या ५ प्राइम टोकाकडून ३ प्राइम टोकाकडे, डावीकडून उजवीकडे लिहिण्याचा प्रघात आहे, म्हणून तिथे अपस्ट्रीम भाग डावीकडे येतो, इतकेच. आपली तापी नकाशावर उजवीकडून डावीकडे वाहते; हतनूर धरणाहून वरच्या अंगाला, म्हणजे बऱ्हाणपूरकडे जायचे तर नकाशावर उजवीकडेच सरकावे लागते. जनुकाची वरची बाजूही अशीच प्रतिलेखनाच्या, म्हणजे डीएनएवरून आरएनएची नक्कल उतरवण्याच्या, दिशेवरून ठरते. मानवी बीटा-ग्लोबिनचे जनुक ११व्या गुणसूत्रावर, क्रमांक वाढत जातात त्याच्या उलट दिशेने वाचले जाते, त्यामुळे जनुकसंचाच्या नकाशात त्याचा प्रोमोटर जनुकाच्या उजव्या बाजूला दिसतो आणि तरीही तो अपस्ट्रीमच असतो.

आता आकड्यांविषयी. आरएनएमध्ये ज्या बेसची (डीएनएतील अक्षराची) पहिली नक्कल उतरते तो +१, त्याच्या लगेच वरचा −१. मध्ये शून्य नाही. म्हणून −१० पासून +११ पर्यंतचे अंतर सरळ वजाबाकीने २१ येत असले, तरी प्रत्यक्षात ते २० असते. विद्यार्थी इथे हमखास चुकतात. दुसरे असे की जिवाणूंच्या प्रोमोटरमधील ‘−१०’ हे त्या सहा बेसच्या पट्ट्याचे नाव आहे, नेमका पत्ता नव्हे : टीएटीएएटी हा क्रम साधारणपणे −१२ ते −७ या जागा व्यापतो, टीटीजीएसीए हा −३५ ते −३० या जागा, आणि दोहोंमधले १७ बेसचे अंतर सर्वांत अनुकूल मानले जाते. प्रत्येक प्रोमोटरमध्ये हे आकडे थोडेफार सरकतात.

उणे चिन्ह पाहून नियंत्रणाचा सारा भाग वरच असतो, असेही समजू नये. ई. कोलाय या जिवाणूच्या लॅक ओपेरॉनमधील (लॅक्टोज वापरण्यासाठीच्या जनुकांच्या गटातील) मुख्य ऑपरेटरचा, म्हणजे दमनकारी प्रथिन जिथे बसते त्या जागेचा, मध्य +११ वर, म्हणजे प्रतिलेखन होणाऱ्या भागातच आहे.

पुरवणी प्रश्न (धुळे) :
त्याच ओपेरॉनमध्ये सीआरपी या नियंत्रक प्रथिनाची डीएनएवर बसण्याची जागा −६१.५ अशी देतात. अर्धा बेस कसा असू शकेल?

उत्तर (भुसावळ) :
भाऊ, तो आकडा जागेच्या मध्यबिंदूचा आहे. ही जागा २२ बेसजोड्यांची, म्हणजे समसंख्येची असल्यामुळे तिचा मध्य कोणत्याही बेसवर न पडता −६२ आणि −६१ यांच्या मधोमध पडतो.

ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. −२८ आणि −७८ दोन्ही बरोबर आहेत, फक्त मोजणीचा आरंभ वेगळा आहे. पहिला आकडा प्रतिलेखनाच्या आरंभापासून मोजलेला आहे; दुसरा प्रथिन जिथून सुरू होते त्या एटीजीमधील ‘ए’पासून मोजलेला आहे, आणि त्या आकड्याच्या आधी बहुधा ‘सी.’ हे अक्षर लावलेले असते. या जनुकात आरंभस्थानापासून एटीजीच्या आधीपर्यंत ५० बेस आहेत. त्यांमुळे पहिल्या मोजणीतला −१ दुसऱ्या मोजणीत −५१ होतो, −२८ चा −७८ होतो, आणि भारतीय रुग्णांतही आढळणारा −८८ हा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा) बदल −१३८ म्हणून नोंदवला जातो. ‘टाटा पेटीतील (प्रोमोटरमधील एका ठरावीक क्रमातील) −२८ चा बदल’ एवढेच लिहिलेल्या टिपणावरून पुढच्या वाचकाने एटीजीपासून मोजले, तर तो प्रोमोटरऐवजी आरएनएमध्ये उतरणाऱ्या भागात जाऊन पोहोचेल. त्यामुळे टिपणात ‘प्रतिलेखनाच्या आरंभस्थानापासून −२८, ए च्या जागी जी’ असे पूर्ण लिहावे.