अबोला आणि वाटा
भावाने मारहाण करून घराबाहेर काढलेल्या बहिणीने, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मैत्रिणीने आसरा दिला असला तरी, माहेर तोडू नये, या मताशी मी सहमत नाही. शाहू महाराजांच्या कोल्हापूर संस्थानाने स्त्रियांच्या घरगुती छळाविरुद्ध १९१९ मध्येच कायदा केला होता. तरीही ‘घरातले घरातच मिटवा’ हा सल्ला इथे आजही, तोही बहुधा सोसणाऱ्यालाच, दिला जातो. मात्र अबोला धरल्याने, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मिळालेला समान वाटा बुडत नाही. तो जातो हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त, नोंदवून दिल्यावर. त्यामुळे भाऊबीजेच्या ताटाबरोबर एखादा कागद पुढे आलाच, तर वकिलाने वाचल्याशिवाय या बहिणीने त्यावर सही करू नये.