महापालिका निवडणुकीच्या जुन्या आठवणी : कोल्हापूरकरांनो, लिहा

तिकटीकरीण
परवा 15 जानेवारी 2026 ला मतदान केलं. एका प्रभागात चार नगरसेवक, चार मतं. माझ्या पुढच्या आजी बाहेर आल्या आणि नातवाला विचारायला लागल्या, "ह्यातला आपला कोण रं?" तेव्हापासून जुन्या निवडणुका डोक्यातनं जाईनात.

1985 ला मंगळवार पेठेतल्या आमच्या घराचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी, एका अपक्षाचं प्रचार कार्यालय होतं. मी शाळेत. रात्री जेवणं उरकली की जाजम अंथरायचं, मधे मतदार यादी, आणि आम्ही पोरं चिठ्ठ्या लिहायला बसायचो. नाव, यादीतला नंबर, केंद्र कुठलं, आणि खाली चिन्हाचा शिक्का. "अक्षर ठळक काढा, म्हातारी माणसं वाचणार आहेत," असं बाबा सारखं बजावायचे. कुणी वारलेलं असलं की त्या नावापुढं पेन्सिलीनं बारीक फुली मारायचे आणि क्षणभर त्या माणसाबद्दल काहीतरी सांगायचे. त्या यादीतनं मला आख्खी पेठ कळली. मधे चहा आणि परातभर भडंग.

तुमच्या गल्लीत काय काय व्हायचं? महापौर निवड, सहली, भिंती, काहीही लिहा.

रंकाळा_वेस
भडंग म्हटलं आणि भूक लागली 😀 जयसिंगपूरचं का घरचं?

तिकटीकरीण
घरचं हो. आई लसूण जास्त घालायची.

पेंटरचा पोरगा
भिंतींचं मी लिहितो. वडील पेंटर. निवडणूक जाहीर व्हायच्या कितीतरी आधी गल्लीतली मोक्याची भिंत चुना मारून धरायची आणि कोपऱ्यात "राखीव" लिहायचं. त्यावर दुसऱ्यानं रंग लावला की भांडण ठरलेलं. चुन्यात नीळ मिसळायची म्हणजे पांढरा उठून दिसतो. अक्षरं गेरूनं. वडील आधी सुतानं दोन रेघा मारून घ्यायचे, मग एका दमात नाव. दोन्ही उमेदवारांचं काम घ्यायचे, आणि दोघांचं अक्षर सारखंच चांगलं काढायचे. त्याचा मला आजही अभिमान आहे. डिजिटल फलक आले आणि ते काम गेलं. बाकी रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आलंय.

सी वॉर्ड
तेव्हा पक्षाचं चिन्ह कोण बघायचं? आघाड्या असायच्या, आणि त्याच्याही आधी तालीम, म्हणजे कुस्तीचा आखाडा आणि पेठेचं मंडळ दोन्ही. तालमीत बैठक व्हायची, तिथं नाव ठरलं की निम्मं मतदान झालं असं समजायचं. एकाच तालमीचे दोघं उभे राहिले की घराघरात वाटण्या. आमच्यात दोन चुलते दोन बाजूला होते. निकालापर्यंत बोलणं बंद, पण फुटबॉलची मॅच असली की शाहू स्टेडियमवर एकाच बाकावर.

बावडेकर
लई भारी धागा. वाचालोय.

शुभदा_पुणे
माझी आई उभी राहिली होती, 1995 ला. आरक्षणाच्या सोडतीत आमचा वॉर्ड महिलांसाठी गेला. वडिलांची दोन वर्षांची तयारी होती, ती एका चिठ्ठीत संपली. मग "वैनींना उभं करा" असं सगळ्यांनी ठरवलं. आईला कुणी विचारलंच नाही. पहिले चार दिवस ती नुसती हात जोडून मागं उभी राहायची. पण पाचव्या-सहाव्या दिवशी एका चाळीत बायकांनी तिला हाताला धरून नळावर नेलं आणि दाखवलं, पहाटे किती वाजता पाणी येतं, धार केवढी बारीक येते. त्या दिवसापासून ती पुढं आणि वडील मागं. वही घातली तिनं, कुणाच्या नळाला काय त्रास ते सगळं टिपलेलं.

पडली. थोडक्या मतांनी. पण वही घेऊन नंतर ती महापालिकेत खेटे घालत राहिली, आणि त्या चाळीला जादा नळ मिळवून दिला. निवडून न येता. तिला नगरसेविका म्हणून बघायला मिळालं असतं तर, हे अजून वाटतं.

तिकटीकरीण
शुभदा, काकींना माझा नमस्कार सांग. डोळ्यात पाणी आलं गं.

शुभदा_पुणे
सांगते. आता कमी ऐकू येतं, मोठ्यानं वाचून दाखवीन.

जुना_बुधवार
सहलींचं कुणी लिहिलं न्हाई अजून. आमच्या शेजारचे नगरसेवक महापौर निवडीच्या आधी गायब व्हायचे. तेव्हा महापौर एकाच वर्षासाठी, म्हणजे दरवर्षी हा प्रकार. मत फुटू नये म्हणून गोव्याला नेलंय एवढंच कळायचं. घरी मात्र काकी एकट्या. दोन्ही बाजूची माणसं दाराशी, "साहेब कुठं हाइत?" त्या माउलीला खरंच ठाऊक नसायचं. माझी आई रात्री सोबतीला जाऊन झोपायची. आपण निवडून दिलेल्या माणसाला असं कोंडून ठेवायचं, याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. पुढं कायद्यानं अडीच वर्षं झाली तरी पद वाटून घेणं काही थांबलं नाही. 2015 च्या सभागृहात अश्विनी रामाणेंपासून निलोफर आजरेकरांपर्यंत बघा, सगळ्या महिला महापौर. पण कुणालाच धड काम करायला वेळ दिला नाही.

रंकाळा_वेस
अगदी. आणि थेट पाईपलाईन! काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट शहरात आणतो म्हणून किती जणांनी मतं घेतली असतील. 2023 च्या दिवाळीत आलं एकदाचं. माझे आजोबा वाट बघत गेले.

ई वॉर्ड
हद्दवाढ, म्हणजे शेजारची गावं शहरात घेणं, पण त्यातलीच. 1972 ला नगरपालिकेची महापालिका झाली, हद्द अजून तेवढीच.

बावडेकर
ते राहू दे, आमच्याकडं सकाळपासून पाणी न्हाई. कुणाकडं आलंय का?

ई वॉर्ड
राजारामपुरीत आलंय, पण कमी दाबानं.

पेंटरचा पोरगा
आलो परत. जुना_बुधवार, तुमच्या काकींचं वाचून वाईट वाटलं. पण एक सांगू? तेव्हाचा नगरसेवक गल्लीत राहायचा, गटार तुंबली की त्याच्या दारात जाऊन उभं राहता यायचं. नोव्हेंबर 2020 ला मुदत संपली आणि पाच वर्षं नुसता प्रशासक. आमच्या बोळातलं ड्रेनेज फुटलं तर सांगायचं कुणाला हेच कळंना. आता चार जण आहेत, चौघांकडं जायला लागणार.

सी वॉर्ड
चौघांचे नंबर मिळाले का? आमच्यात दोघांचेच मिळालेत.

पेंटरचा पोरगा
तिघांचे आहेत. ड्रेनेजचा फोटो काढून तिघांनाही पाठवलाय. उद्या सकाळी माणूस पाठवतो म्हणालेत एकजण.