पोशाख, भूमिकेची निवड आणि बालगंधर्व
पोशाख हा केवळ बाह्य उपचार असून खऱ्या नटाचे त्यावाचून अडत नाही, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक-नट बालगंधर्व यांच्या शालूंचा उल्लेख अशा चर्चेत येतो, पण त्यांनी पडद्यासाठी स्वीकारलेल्या भूमिकांचा येत नाही. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या बोलपटात त्यांनी नऊवारी बाजूला ठेवून संत एकनाथांची पुरुषभूमिका केली. मात्र ज्या प्रेक्षकांनी त्यांना वर्षानुवर्षे ‘मानापमान’ नाटकातील भामिनी आणि ‘एकच प्याला’तील सिंधू म्हणून पाहिले होते, त्यांना हे रूप फारसे रुचले नाही आणि प्रभातबरोबरची त्यांची भागीदारी त्या एका चित्रपटावरच थांबली. दोन वर्षांनी ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटात ते पुन्हा स्त्रीवेषात आले. वय तेव्हा पन्नाशीला टेकलेले, आणि रंगमंचावरील अंतर व दिव्यांचा प्रकाश जे सांभाळून घेत असत, ते जवळून पाहणारा कॅमेरा कसे सांभाळणार? तोही प्रयोग साधला नाही. आवाज तोच, गायकी तीच (खरे तर केवळ तेवढ्यासाठीही लोक जात असत). तरीही पोशाख काढला तेव्हा बिनसले आणि परत चढवला तेव्हाही बिनसलेच. माझ्या मते पोशाखाचे बळ वस्त्रात कमी आणि नट व प्रेक्षक यांच्यात राखलेल्या अंतरात अधिक असते.