सल्ला हवा: 'आवेनिदा ब्राझील' कशी बघावी? १७९ भागांतलं काय गाळता येईल?

शेवंती७
नमस्कार मंडळी. ब्राझीलच्या ग्लोबो वाहिनीची २०१२ सालची 'आवेनिदा ब्राझील' बघायला घेतेय. मुक्काम लिस्बनजवळ, ग्लोबोप्लेची, म्हणजे त्याच वाहिनीच्या ऑनलाइन सेवेची, वर्गणी भरलेली आहे, पोर्तुगीज कामापुरतं कळतं. तीन प्रश्न आहेत. १७९ भाग सगळेच बघावे लागतात का? आई दोन महिने इथे असेल, तिला पोर्तुगीज अजिबात येत नाही, तर दोघींनी मिळून कसं बघावं? आणि हे बघून झाल्यावर याच जातकुळीचं पुढे काय घ्यावं? सावत्र आईवर उगवलेला सूड आहे, एवढंच माहीत आहे. कृपा करून शेवट फोडू नका.

पिंपळपार
आधी हिशोब मांडू या. मालिका २६ मार्च ते १९ ऑक्टोबर २०१२ अशी चालली, सोमवार ते शनिवार, रात्रीच्या नऊच्या वेळेला. तीस आठवडे आणि विषय संपला. आपल्याकडच्या मालिकेसारखं 'टीआरपी आहे तोवर ओढा' असं तिथे नसतं. नोव्हेला, म्हणजे तिथली रोजची मालिका, सुरू होतानाच ती साधारण सात-आठ महिन्यांत संपणार हे ठरलेलं असतं. लेखक जुआंव इमान्युएल कार्नेरो. ब्राझीलमध्ये नोव्हेला प्रसारण चालू असतानाच लिहिली जाते, त्यामुळे लोकांना काय रुचतंय ते लेखकाला दिसत असतं.

रोज दोन भाग धरले तर आईंच्या दोन महिन्यांत १२० भाग होतात. हे जमवाच, कारण शंभराव्या भागाच्या आसपास मालिका पूर्ण उलटते. त्या पट्ट्याआधी आई परत गेल्या तर त्यांनी अर्धीच मालिका पाहिली असं होईल. १२० नंतरचं तुम्ही एकट्या बघून त्यांना फोनवर सांगू शकता.

सुरुवातीचे भाग मात्र एक मिनिटही पुढे ढकलू नका. कथा १९९९ मध्ये सुरू होते. जेनेझियो हा विधुर, त्याची लहान मुलगी रिता आणि दुसरी बायको कार्मिन्या. घर विकून आलेले पैसे लांबवायचा कार्मिन्या आणि तिचा प्रियकर माक्स यांचा बेत रिताच्या कानावर पडतो. पुढे आवेनिदा ब्राझील या रस्त्यावर जेनेझियो एका गाडीखाली येतो. गाडी चालवणारा तुफांव हा फ्लामेंगोचा फुटबॉलपटू, नुकताच क्लबला रिओची स्पर्धा जिंकून देऊन आलेला. मरताना जेनेझियो त्याला जे सांगू पाहतो, त्याचा तुफांव भलताच अर्थ लावतो. अपराधी वाटून तो आपल्या ठरलेल्या बायकोला, मोनालिझाला, सोडून कार्मिन्याशी लग्न करतो. रिताची रवानगी होते कचरा डेपोवर. पुढचे सगळे भाग या गैरसमजावर उभे आहेत, म्हणून तो अपघाताचा प्रसंग नीट ऐका.

खारी_बिस्किट
पिंपळपार यांनी कथा नेमकी सांगितली. गाळायचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे: कादिन्योचा ट्रॅक.

नोव्हेलात पात्रांचे गट असतात, त्यांना 'नुक्लिओ' म्हणतात. इथे ठळक गट चार. एक तुफांवचा बंगला. दुसरा बंगला ज्या दिव्हिनो उपनगरात आहे तिथलीच दुकानं, मोनालिझाचं सलून, फुटबॉल क्लब. तिसरा कचरा डेपो. चौथा दक्षिण रिओतला श्रीमंत कादिन्यो आणि त्याच्या तीन बायका. हा चौथा गट विनोदासाठी आहे आणि सुडाच्या धाग्याला त्याचा स्पर्श अगदी कमी होतो. त्याचे प्रसंग पुढे ढकलले तरी मुख्य कथेतलं काही हरवत नाही. समुद्रकिनारा आणि उंच फ्लॅट दिसले की बहुधा त्याच गटाचा प्रसंग असतो.

डेपोचा गट मात्र कितीही जड वाटला तरी गाळू नका. लुसिंदा आणि निलो ही दोन म्हातारी माणसं कथेच्या मुळाशी आहेत. निलो पोरांना कचऱ्यात राबवतो, लुसिंदा त्यांना सांभाळते. त्यांच्या भांडणात अर्धवट सुटलेली वाक्यं पुढे शंभर भागांनी कामाला येतात.

पिंपळपार
खारी, थोडा मतभेद. सुरुवातीचे तीस-चाळीस भाग कादिन्योही बघावा. दिव्हिनो हे उत्तर रिओतलं काल्पनिक उपनगर आहे आणि मालिकेचा खरा जीव त्या उपनगराच्या अभिमानात आहे. त्याआधीच्या बहुतेक नोव्हेलांत नायक-नायिका दक्षिण रिओच्या किनाऱ्यावर राहायचे आणि उपनगर तोंडी लावायला असायचं. इथे उलट आहे. तुफांवकडे पैसा आला तरी तो दिव्हिनो सोडत नाही, तिथेच बंगला बांधतो. कादिन्योची दुनिया थोडी तरी पाहिली नाही तर हा फरक कळत नाही. चाळिसाव्या भागानंतर खुशाल गाळा.

माडाची_झावळी
भाषेबद्दल मी लिहिते, कारण मराठी माणसाला इथे मोठी सोय आहे.

आईंना सांगा की नायकाचं नावच 'तुफान' आहे. 'तुफांव' म्हणजे पोर्तुगीजमध्ये वादळ. डेपोवर रिताला भेटणाऱ्या मुलाचं टोपणनाव 'बताता', म्हणजे आपला बटाटा, आणि हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला. चावी, पाव, साबण, पगार, कोबी, घमेलं, बिजागरी हे सगळे त्याच वाटेने आलेले. मालिकेत निम्मा वेळ स्वयंपाकघर आणि जेवणाचं टेबल दिसतं, त्यामुळे हे शब्द वारंवार कानावर येतात. फक्त उच्चार बदलतात. चावी 'शावी' होते, पाव नाकातून 'पांव' होतो. लुसिंदाला पोरं 'मांय' म्हणतात. ते ऐकून गोव्याकडच्या कुणालाही आपलंच वाटेल.

शेवंती, तुमचे कान लिस्बनच्या पोर्तुगीजला सरावले असतील. ब्राझिली बोली स्वरांना जास्त जागा देते, म्हणून ऐकायला सोपी जाते, पण दोन खुणा लक्षात ठेवा. 'ति' आणि 'दि' बहुधा 'ची' आणि 'जी' होतात. शब्दाच्या शेवटचा 'ल' 'उ'सारखा ऐकू येतो, म्हणजे ब्राझील 'ब्राझिउ'. 'तू'साठी 'व्होसे' वापरतात, आणि लिस्बनमध्ये तो शब्द ज्या अंतराने वापरतात तसं अंतर इथे नसतं. नवरा-बायको, मायलेक, सगळेच एकमेकांना 'व्होसे' म्हणतात.

नावांच्या शेवटचं 'इन्या' आणि 'इन्यो' म्हणजे लाडाचं रूप. कार्मेन लुसियाची कार्मिन्या, जॉर्जीचा जॉर्जिन्यो. सगळ्या घराला छळणाऱ्या बाईचं नाव लाडाचं आहे, हे आईंना आधी सांगून ठेवा. तिच्या गोड आवाजाची गंमत त्याने वाढते. आणि 'पात्रोआ' म्हणजे मालकीण, 'एम्प्रेगादा' म्हणजे घरकामाची बाई. या दोन शब्दांतल्या अंतरावरच मालिका चालते. नीना, म्हणजे मोठी झालेली रिता, त्या घरात स्वयंपाकीण म्हणून शिरते. कोण कुणाला वाढतंय, कोण टेबलाशी बसलंय आणि कोण उभं आहे, एवढं पाहिलं तरी आईंना शब्दांवाचून पुष्कळ कळेल.

शेवंती७
मांय आणि बताता ऐकून आई आत्ताच उत्सुक झाली आहे! पण भाषा न येणाऱ्याला दर वाक्य सांगत बसलं तर रस जातो. यावर उपाय?

माडाची_झावळी
वाक्यावाक्याला थांबू नका. भाग सुरू होण्याआधी दोन मिनिटांत सांगा: या क्षणी कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही. ही मालिका गुपितांवर चालते, संवाद त्यामानाने दुय्यम. माक्सचंच बघा. तो तुफांवच्या बहिणीचा, इव्हानाचा, नवरा होऊन त्याच बंगल्यात राहतो. म्हणजे कार्मिन्याचा प्रियकर तिच्याच घरात नणंदेचा नवरा आहे, आणि तुफांवला पत्ता नाही. हे एक माहीत असलं की जेवणाच्या टेबलावरच्या प्रत्येक नजरेचा अर्थ लागतो. चक्क कागदावर नावं काढून ठेवा. बंगल्यातली माणसं एकदम येतात आणि सगळी एकाच वेळी बोलतात. आवाजावर आवाज चढवून बोलणं हे या मालिकेचं खास दिग्दर्शन आहे, तुमची आवृत्ती खराब आहे असं समजू नका. पोर्तुगीज सबटायटल लावलंत तर तुम्हालाही त्या गोंधळात मदत होईल.

भाग संपताना चेहरा गोठतो आणि मागे रंगीत दिव्यांचे ठिपके येतात. या शेवटच्या गळाला 'गांशो' म्हणतात. तिथे थांबा, आईंना विचारा पुढे काय होईल, आणि मगच दुसरा भाग लावा.

खारी_बिस्किट
आवृत्त्यांबद्दल सावध करतो, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. परदेशी वाहिन्यांना विकलेली आवृत्ती कापून आखूड केलेली आहे. ग्लोबोने दुपारच्या पुनर्प्रसारणात, ऑक्टोबर २०१९ पासून, दाखवलेली आवृत्तीही संपादित होती. त्यामुळे 'अमुक भागात तमुक घडतं' असं कुठे वाचलंत तर तो आकडा तुमच्या यादीशी जुळेलच असं नाही. ग्लोबोप्लेवर मूळ मालिका उघडली आहे ना, हे बघायची सोपी खूण म्हणजे एकूण १७९ भाग. स्पॅनिश डबिंगच्या तुकड्यांच्या वाटेला जाऊ नका. आद्रियाना एस्तेव्हिसने कार्मिन्याचा आवाज ज्या तऱ्हेने फिरवला आहे, मऊ कुजबुजीतून थेट किंकाळीपर्यंत, तो डबिंगमध्ये जातो, आणि मग उरतं काय?

दुसरी गोष्ट, शोधयंत्रात कुठल्याही पात्राचं नाव टाकू नका. शेवटच्या टप्प्यात एक खून आहे आणि 'कुणी मारलं' हा प्रश्न शेवटच्या भागापर्यंत ताणलेला आहे. त्याचं उत्तर मथळ्यातच लिहिलेलं सापडतं. शेवटच्या भागाच्या रात्री साव पावलोत राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांची प्रचारसभा होणार होती, ती मालिकेमुळे हलवावी लागली. इतक्या लोकांनी एकाच वेळी पाहिलेला शेवट इंटरनेटवर झाकून राहणं शक्य नाही.

उंबरठा
मालिकेचा कमकुवत भाग सांगणं गरजेचं आहे, नाहीतर शंभरानंतर अपेक्षाभंग होतो. नीनाच्या हाती पुरावा म्हणून फोटो येतात. त्या पुराव्याची ती जशी राखण करते, त्यावर ब्राझीलच्या प्रेक्षकांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता: २०१२ साली एक पेनड्राइव्ह कुणी वापरू नये? आक्षेप रास्त आहे. त्यानंतरचे काही आठवडे कथा जागच्या जागी फिरते. नोव्हेला लिहिणारे अशा फुगलेल्या मधल्या भागाला 'बारिगा', म्हणजे पोट, म्हणतात. तिथे सोडून देऊ नका. हवं तर त्या पट्ट्यात फक्त बंगला आणि डेपो एवढंच बघा, बाकी सगळं पुढे ढकला.

मात्र त्याच्या अगोदरचा टप्पा, म्हणजे कार्मिन्याला नीना कोण हे कळतं तिथपासून दोघींच्या जागा उलटतात तिथपर्यंत, एका बैठकीत बघा. मालकीण ताट वाढते आणि स्वयंपाकीण हुकूम सोडते. त्या प्रसंगांत नीना जिंकत असते, आणि तरीही दर प्रसंगागणिक ती कार्मिन्यासारखी बोलू लागते. नीना झालेल्या देबोरा फालाबेलाचा चेहरा तिथे बघण्यासारखा आहे. सूड पुरा होत असताना सूड घेणारी माणूस म्हणून लहान होत जाते, हे इतक्या लोकप्रिय मालिकेने इतक्या निर्भयपणे दाखवावं याचं मला फार मोल वाटतं.

एक बारकावाही बघा. नीना तुफांवला कादंबऱ्या वाचायला देते, त्यात फसवणाऱ्या बायकोची कथाही असते. तो भोळेपणाने वाचत जातो. कोणतं पुस्तक कधी देते, याकडे लक्ष ठेवा.

पिंपळपार
डेपोबद्दल एक भर. रिओजवळच्या ग्रामाशोचा प्रचंड मोठा खरा कचरा डेपो जून २०१२ मध्ये बंद झाला, म्हणजे मालिका ऐन भरात असताना. तिथे कचरा वेचून जगणारी हजारो माणसं होती. पडद्यावरचा डेपो सेट आहे, पण पाहणाऱ्यांसाठी तो बातमीतला विषय होता.

शेवंती७
सगळ्यांचे मनापासून आभार. यानंतर काय घ्यावं तेही सांगा, म्हणजे आईच्या पुढच्या फेरीची सोय होईल.

उंबरठा
कार्नेरो यांचीच 'आ फाव्होरिता', २००८-०९. दोन मैत्रिणी, एक खून, एकजण तुरुंगवास भोगून आलेली, आणि दोघी एकमेकींकडे बोट दाखवतात. बरेच भाग उलटेपर्यंत खरं कोण बोलतंय हे प्रेक्षकालाही कळू दिलेलं नाही. आवेनिदात खलनायिका पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, इथे तीच शोधायची आहे. म्हणून दोन्ही लागोपाठ बघाव्यात.

खारी_बिस्किट
घरातल्या विश्वासघातासाठी 'व्हाले तुदो' घ्या. मुलगी आईला न विचारता घर विकून पैसे घेऊन रिओला निघून जाते, तिथून सुरुवात. मूळ १९८८-८९ ची, २०४ भाग, रेजिना दुआर्ते आई आणि ग्लोरिया पिरेस मुलगी. २०२५ मध्ये ग्लोबोने ती नव्याने केली. आईंसोबत बघायची असेल तर नवी घ्या, चित्र आणि आवाज स्वच्छ आहे. तुम्हाला एकटीला बघायची असेल तर जुनीच. आणि तिथेही शेवटाकडे एक खून आहे, तेव्हा ओदेते रोइतमान हे नाव शोधयंत्रात टाकू नका.

माडाची_झावळी
शेवंती, एक राहिलं. 'आवेनिदा'चं शीर्षकगीत दर भागाला पुढे ढकलू नका. पंधरा दिवसांत आई शब्दांसकट म्हणू लागतील, आणि त्यांना 'ची', 'जी'चे उच्चार सगळ्यात आधी तिथेच पकडता येतील.