गड्ड्याला पाच जण आणि हातात दीड हजार, कसं बसवायचं?

बार्शीचा_बाप
नमस्कार मंडळी, यंदा पोरांना सोलापूरचा गड्डा, म्हणजे संक्रांतीची जत्रा, दाखवायचाच असं ठरवलंय. दोन वर्षं नुसतं पुढच्या वर्षी पुढच्या वर्षी चाललंय, आता थोरला तोंडावर बोलायला लागलाय. आम्ही पाच जण, मी, बायको, थोरला 10 चा, धाकटी 4 ची आणि आई 76 ची. बजेट सरळ सांगतो, सगळं मिळून 1500, यात एसटी पण आली. राहायचं नाही, सकाळी बार्शीहून निघून रात्री परत. कुठल्या दिवशी येऊ आणि पाळण्यात पैसे न घालवता पोरं खूश कशी ठेवू ते सांगा. मागे गावच्या जत्रेत अर्ध्या तासात पाकीट रिकामं झालेलं आणि उरलेला दिवस रडारड, म्हणून आधीच विचारतोय.

एसटीवाला_पाहुणा
आधी एसटीचा हिशोब करा दादा, तिथंच निम्मं काम होतंय. आईंचं वय 75 च्या वर म्हणजे तिकीट फुकट, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. वहिनींना अर्धं. थोरला 12 च्या आतला म्हणून त्याला पण अर्धं आणि धाकटी 5 च्या आतली, तिला तिकीटच नाही. म्हणजे पाच माणसं जाणार आणि पैसे दोन फुल तिकिटांचे. गाडी भाड्याने करायच्या भानगडीत पडू नका, पार्किंग शोधण्यातच दिवस जाईल. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे स्टँडवर उतरल्या उतरल्या विचारून घ्या, रात्री नाही, आम्ही एकदा ते विसरलो आणि पहाटेपर्यंत बाकड्यावर बसलो.

कडकभाकरी
मी सोलापूरचीच, गड्डा भरतो त्या होम मैदानापासून चालत दहा मिनिटांवर माहेर. ताई म्हणून सांगते, जेवण घरून आणा. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही नको सांडतं, त्यापेक्षा कांदा आणि गुळाचा खडा. गड्ड्यात जेवायचं नसतं, चरायचं असतं! गरम भजी एक प्लेट पाच जणांत, भाजके चिरमुरे, पोरांना बर्फाचा गोळा, बस झालं. पोट आधीच भरलेलं असलं की पोरं प्रत्येक गाड्यापुढे थांबत नाहीत हा माझा अनुभव आहे.
दुसरं म्हणजे थोरल्याच्या हातात 100 रुपये द्या, सुटे, आणि सांगा हे तुझे, संपले की संपले. आमच्या पोराने तासभर नुसता हिशोब केला, ब्रेक डान्सच्या पाळण्यात बसू का बंदूक घेऊ, आणि शेवटी एक पिपाणी घेतली. तुमच्या खिशातून गेले तर पैसे झाडाला लागतात, स्वतःच्या खिशातून गेले की कळतं. यूपीआयच्या भरवशावर राहू नका, गर्दीत नेटवर्कच नसतं.

नंदीध्वज_भक्त
वरच्या सगळ्यांनी पाळणे आणि भजीच धरलीत. अहो गड्डा म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, बघण्यासारखं सगळं फुकटच आहे की! पहिल्या दिवशी 68 लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर लग्नाच्या अक्षता, मग होम, त्यानंतर शोभेचं दारूकाम. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, आणि पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातली माणसं रस्त्याने येताना बघितली की पोरं पाळणा विसरतील. आईंना कुंभारकन्येची गोष्ट माहीत असेल, तिला सिद्धरामेश्वर महाराजांशी लग्न करायचं होतं, ते म्हणाले माझ्या योगदंडाशी कर, तेच लग्न अजून दरवर्षी लावतात. पोरांना बसमध्ये ती गोष्ट सांगायला लावा आईंना. माझं मत विचाराल तर अक्षतेच्या दिवशीच या. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" हा जयघोष एकदा तिथे उभं राहून ऐकायलाच पाहिजे.

कडकभाकरी
@नंदीध्वज_भक्त तुमचं खरं, पण 4 वर्षांची पोर आणि 76 च्या आई घेऊन अक्षतेच्या गर्दीत? मी नाही सांगणार. मुख्य दिवस संपले तरी गड्डा पुढे बरेच दिवस असतोच की. मधल्या वारी दुपारी या, आधी देवळात जा, तळ्याच्या मधोमध देऊळ, आईंना तिथे निवांत बसता येईल, शेजारी भुईकोट किल्ला आहे, पोरं तिथे पळतील. ऊन उतरलं की मैदानात शिरा. आणि धाकटीच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी, हे विसरू नका.

नंदीध्वज_भक्त
बरं ताई, हे मान्य. पण मग नंदीध्वज दिसणार नाहीत, एवढं त्यांना आधी सांगा म्हणजे झालं.

पाळणावाला_नाही
एकच सांगतो, सगळ्यांनी एकाच पाळण्यात बसायचा हट्ट सोडा. आकाशपाळण्याचे पाच जणांचे पैसे म्हणजे तुमचं बजेट तिथंच आडवं. धाकटीला छोट्या घोड्यांवर, थोरल्याला एक मोठा, बाकीचे खाली उभे राहून हात हलवा. मौत का कुआं नका दाखवू लहानीला, माझी पुतणी दोन रात्री झोपली नव्हती.

बार्शीचा_बाप
जाऊन आलो मंडळी, संक्रांतीनंतरच्या बुधवारी. खर्च 1340. एसटी जाऊन येऊन पाचशेच्या आतच बसली, भाकरी तळ्याकाठी खाल्ली, आईने देवळातून उठायलाच नको केलं. बायकोने बांगड्या घेतल्या, त्याचा हिशोब मी मांडत नाही. धाकटी घोड्यावर बसली आणि उतरायला तयार नाही, दोनदा पैसे गेले. गंमत थोरल्याची, 100 तले 60 परत आणले. आकाशपाळण्याखाली रांगेत उभा राहिला, वर बघितलं आणि म्हणाला बाबा मला भूक लागलीय. आता घरी येऊन शाळेत सगळ्यांना सांगतोय की बसलो होतो म्हणून.