ढोलपथकाचा सराव सुरू होतोय, ऑटिस्टिक मुलासाठी काय करता येईल? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मुलगा १५ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलतो पण मोजकं. आम्ही इंदिरानगरला राहतो. आवाजाचा त्रास त्याला लहानपणापासून आहेच, पण वयात आल्यापासून फार वाढलाय. कुकरची शिट्टी, मिक्सर, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, बुलेटचे फटाके. अचानक काही वाजलं की कानांवर हात, नाहीतर मनगट चावतो. आता तो माझ्यापेक्षा उंच झालाय, पूर्वीसारखं उचलून आतल्या खोलीत नेता येत नाही.

पुढच्या महिन्यात घरामागच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव सुरू होईल, रोज संध्याकाळी, थेट गणपतीपर्यंत. नाशकात राहून ढोल नको कसं म्हणणार? मला म्हणायचंही नाही. गंमत म्हणजे हाच मुलगा टॅबवर नाशिक ढोलचे व्हिडिओ मोठ्या आवाजात लावतो, एकच ठेका मागे नेऊन परत परत ऐकतो. मग सासूबाई म्हणतात, "हे बरं चालतं! नाटकं आहेत सगळी." नाटकं नाहीत हे मला कळतं, पण त्यांना पटवता येत नाही.

कान तपासून झाले, ऐकू नीट येतं. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आणले. त्याने पंख्याची घरघर जाते, ताशाचा कडकडाट जात नाही. वर आता तो हेडफोन उतरवतच नाही, जेवतानासुद्धा. ऑडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, दिवसभर घालू देऊ नका, शांततेची सवय लागली की साधे आवाजही बोचायला लागतात. काढ म्हटलं की घरात महाभारत.

तर ढोल-ताशासाठी वेगळं काही मिळतं का? हेडफोनचा वेळ कोणी कमी करून दाखवलाय का? पथकातल्या मुलांशी बोलावं का? शिवाय पुढच्या वर्षी दहावी आहे. "महिनाभर गावी पाठवा" हा सल्ला कृपया नको, त्याची शाळा इथे आहे.

प्रतिसाद १

ताई, माझी मुलगी १९ वर्षांची आहे, आम्ही पंचवटीत राहतो, त्यामुळे आवाजाचं मला सांगूच नका.

सासूबाईंना एवढंच सांगा की व्हिडिओचं बटण त्याच्या हातात असतं. टिपरू कधी पडणार ते त्याला पाठ आहे, नको झालं की बंद करता येतं. मैदानावरचा ढोल त्याला विचारून वाजत नाही.

नॉइज कॅन्सलिंग एकसुरी आवाजाला चांगलं, अचानक फुटणाऱ्या आवाजाला नाही. त्यासाठी कारखान्यात घालतात तसे इअरमफ घ्या. सातपूर-अंबडच्या बाजूला सेफ्टीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. पाकिटावर एनआरआर (आवाज किती कमी होतो त्याचा आकडा) लिहिलेला असतो, २५च्या आसपासचा घ्या. पण ढोलाचा घुमारा छातीत आणि जमिनीतून येतो, तो कुठलाच मफ पूर्ण अडवत नाही. सरावाच्या वेळी मैदानापासून लांबची खोली, खिडकीच्या फटी बंद आणि अंगावर जड गोधडी, असं आम्ही करतो.

हेडफोन काढून घेऊ नका. गळ्यात राहू देत. घर सगळ्यात शांत असेल तेव्हा, आवडतं काम चालू असताना, थोडा वेळ कानावरून खाली. परत कधी चढवायचे ते त्याने ठरवायचं. आमच्या ओटीने (ऑक्युपेशनल थेरपिस्टने) हेच करून घेतलं. वेळ लागतो, मधे आजारपण आलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पथकाशी जरूर बोला, पण सराव सुरू व्हायच्या आधी. मुलाला घेऊन जा, ढोल शांत पडलेले असताना हात लावू दे, हवं तर एक टिपरू त्यालाच मारू दे. मुलं चांगली असतात हो. सुरू करण्याआधी मेसेज टाका आणि वेळ ठरलेली ठेवा, एवढंच मागा. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती वेळ लिहून ठेवा.

प्रतिसाद २

मेसेज-बिसेज ठीक आहे, पण कायदाही माहीत असू द्या. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम नुसत्या लाउडस्पीकरला नाहीत, वाद्यांनाही आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाजवायला बंदी आहे. सणासुदीला सरकार ठरावीक दिवस १२ पर्यंत सूट देतं, पण ती सरावासाठी नसते. १० नंतर वाजलं तर ११२ लावा.

प्रतिसाद ३

दहावीचं सांगते. दिव्यांग प्रमाणपत्र (यूडीआयडी) काढलंय का? २०१६च्या कायद्यात ऑटिझम आहे. त्यावर जादा वेळ मिळतो, तासाला २० मिनिटं. वेगळी खोली आणि कानाला मफ यांची मागणी शाळेमार्फत लेखी करा, तीही नववीतच. ऐनवेळी केंद्रावर कोणी ऐकत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कार्ड आहे, अर्जाचं सोमवारी शाळेत विचारते. पथकाच्या दादांचा नंबर सोसायटीतून मिळाला. एक शंका: मुलाला चष्मा आहे. काडीमुळे मफला फट राहते का?

प्रतिसाद १

राहते. दुकानात चष्मा घालूनच बघा, आणि मऊ जाड गादीचा मफ घ्या. काडी बारीक असेल तर फट कमी पडते. त्यालाही सोबत न्या, डोक्याला आवळणारा असेल तर घरी आल्यावर घालणार नाही.