लाली दिसायची वाट बघू नका
अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदला आणि लाल जागी तेल चोळा, असं कुणीतरी सुचवलंय. कूस बदलणं बरोबर, चोळणं मात्र अजिबात नको. दाबाने आधीच दुखावलेली कातडी आतून आणखी फाटते. त्या जागी बोट तीन सेकंद दाबून उचला. पांढरी पडून परत लाल झाली तर रक्त फिरतंय. लालीच राहिली तर बेडसोरची पहिली पायरी समजा.

सावळ्या कातडीवर ही लाली बऱ्याचदा दिसतच नाही आणि घरची माणसं इथेच फसतात. म्हणून माकडहाड, खुबे, टाचा रोज भरपूर उजेडात बघा, हाताने चाचपा. शेजारच्या कातडीपेक्षा गरम वा गार, टणक वा लिबलिबीत लागली, जांभळट दिसली, तर त्या जागेवर भार नको. टाचांसाठी उशी पोटरीखाली, टाच अधांतरी. भोकाची रबरी रिंग नकोच, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी दबतो.